सांडपाण्याचा फॅट

माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक चुकीचं होतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही.

नदीसाठी भांडणारा आमचा सात-आठ जणांचा गट. त्यात मी वयानं सगळ्यात लहान आणि तोंडानं सगळ्यात मोठी, म्हणून पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं. लिहायला शिकवलं ते गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. सरांचं म्हणणं असं की, पत्रक एका पानात बसलं पाहिजे, चालत्या माणसाला चालता चालता कळलं पाहिजे, आणि त्यात एक तरी आकडा असा पाहिजे की तो माणूस जागेवर थांबला पाहिजे.

तसा आकडा मला सापडला होता. कोल्हापूरच्या आसपास एकाच कार्यालयाच्या ताब्यात सांडपाणी शुद्ध करणारी दोन केंद्रं आहेत. गावांची नावं मी इथं लिहीत नाही, कारण त्यातल्या एका माणसाची नोकरी अजून तिथंच आहे. एक केंद्र ओढ्याच्या वरच्या अंगाला, दुसरं खाली नदीजवळ. आम्ही त्यांना वरचं आणि खालचं म्हणायचो. माहितीच्या अधिकारात मी दोन्हीकडच्या वर्षभराच्या विजेच्या नोंदी मागवल्या, आणि किती पाणी आत आलं त्याच्याही. जाडजूड गठ्ठा हातात पडला. राजारामपुरीत एका चहाच्या गाड्याशेजारी बसून मोबाइलवर भागाकार केला. महिन्याची युनिटं भागिले महिन्याचं पाणी. वरच्या केंद्राचा आकडा छोटा आला, खालच्याचा त्याच्या कितीतरी पुढं. दोघांचं काम एकच आणि एकजण एवढा करंट खातो?

पत्रकाचं नाव दिलं, 'करंट कोण खातंय?' त्यात एक ओळ होती: 'खालच्या केंद्रात मोटारी उगाच फिरतात, की माणसं झोपतात?' ही ओळ माझी. सरांनी तिच्यापुढं बरोबरची खूण केली होती.

राजारामपुरीच्या कोपऱ्यांवर आम्ही ते वाटलं. क्लासला जाणारी पोरं, दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेली माणसं, भाजीला निघालेल्या बायका, कुणाला सोडलं नाही. पत्रकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून माझ्याच मावशीकडून माझ्याकडं आला. कोल्हापुरात ज्याला हवा होणं म्हणतात, ती माझी झाली.

मग कार्यालयातून बोलावणं आलं. ज्या साहेबांनी दोन वर्षं आम्हाला उभ्या उभ्या बाहेर काढलं होतं, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "ताई, असा अभ्यास पाहिजे. नुसत्या घोषणा काय कुणीपण देतं." मी फुगून घरी आले. माझं पत्रक त्यांना एवढं का आवडलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता. पडला नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांनी स्वतः मला एका आदेशाची प्रत मोबाइलवर पाठवली, खाली हात जोडल्याची दोन चित्रं. वीजबिलात बचत म्हणून खालच्या केंद्रात दोन ब्लोअरपैकी, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांपैकी, एकच चालवायचा आणि दुपारी बारा ते चार तोही बंद ठेवायचा. दोन महिन्यांत लिटरमागचा वीजवापर वरच्या केंद्राइतका आला नाही, तर तिथल्या कंत्राटी ऑपरेटरला कामावरून कमी करण्यात यावे. आणि वर, जिथं सरकारी कागदात संदर्भ लिहितात, तिथं होतं: 'नागरिकांचे पत्रक'.

ऑपरेटर हा शब्द मी चार वेळा वाचला. 'माणसं झोपतात' असं लिहिताना माझ्यासमोर माणूस नव्हता, नुसतं अनेकवचन होतं. आणि खरी गोष्ट अशी की तोवर मी दोन्हीपैकी एकाही केंद्रात पाय ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर स्कूटर काढली.

खालच्या केंद्राच्या फाटकापाशी पन्नाशीचा एक माणूस पाइपानं जमीन धूत होता. खाकी शर्ट, कपाळाला विभूतीच्या पुसट रेघा. बोलण्यावरून नेसरीच्या पलीकडचा, कानडी मुलखाला लागून असलेला वाटला.

"कुठनं आलासा, पावणं?"

मी गाव सांगितलं. "कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, "ते पत्रक मी लिहिलंय."

त्यानं नळ बंद केला, आत जाऊन रजिस्टर आणलं, त्यातनं माझं पत्रक काढलं आणि शाळेतल्या पोरासारखं एका सुरात वाचायला लागला. 'की माणसं झोपतात' इथं थांबला.

"ह्ये मी व्हय?"

मी पत्रक घ्यायला हात पुढं केला, त्यानं ते दिलं नाही.

"न्हाय, इचारतो. दिवसपाळीला हितं मी एकलाच असतो. म्हंजे झोपतात न्हाय, झोपतो लिवायला पायजे हुतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

दुपारचे अडीच वाजले होते, म्हणजे आदेशाप्रमाणं ब्लोअर बंद. तो मला टाकीच्या काठावर घेऊन गेला. एरवी या टाकीत खालून हवा सोडतात आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत असतं. आता ते पडून होतं. वर करडी साय धरलेली, आणि सडक्या अंड्याचा वास नाकातनं घशात उतरत होता.

"ह्या टाकीत घाण खाणारं जंतू हायती, अक्का. डोळ्याला दिसत न्हाईत, पर जित्तं हायती. हवा दिली तर खात्यात. हवा बंद केली की मरत्यात, आन् घाण हाय तशी फुडं जाती."

"फुडं म्हणजे?"

"नदीत. आनि कुटं?"

"मग तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. साहेब म्हणलं, वरचं केंद्र चालतंय की कमी करंटवर. पत्रकात आलंय." मग टाकीकडं बघत म्हणाला, "गावात तुमची लई हवा झालीया म्हणं. त्यातली वाईच ह्या टाकीत सोडा."

एवढं बोलून तो एकटाच हसला. मला हसायला उशीर झाला.

पण मी सहजासहजी हरत नाही. मी म्हटलं, "मामा, आकडा खोटा नाही. तुमच्याच मीटरचा हाय."

"आकडा खरा हाय. पाणी बगितलंसा?"

"कुठलं पाणी?"

"दोनीकडचं."

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या त्यानं विसळल्या. एकीत त्याच्याकडं येणारं सांडपाणी भरलं. काळं, दाट, बाटलीपलीकडचं बोट दिसेना. दुसरी रिकामी बाटली माझ्या हातात दिली. "आता वर जावा. तितलं येणारं पाणी भरून घ्या. मी कायबी सांगत न्हाय. मी सांगितलं तर म्हणशीला, नोकरी टिकवाय बोलतोय."

वरच्या केंद्रात मला कुणी अडवलं नाही. तिथल्या माणसानं मोबाइलवरनं मान वर करून हौदाकडं हात केला. सगळीकडं शांत. ब्लोअरांवर निळी ताडपत्री टाकलेली आणि तिच्यावर वाळलेली पानं. हौदात येणारं पाणी मी बाटलीत भरून घेतलं. ते गढूळ होतं, पण हौदाचा तळ दिसत होता. मागच्या बाजूला जाऊन बघितलं. शेतांमधून झिरपून येणारा आख्खा ओढाच सांडपाण्याच्या नळात वळवला होता. पाण्याचं मीटर भराभर पळत होतं. घाण होती कुठं?

घरी येऊन दोन्ही बाटल्या कट्ट्यावर ठेवल्या. आई संध्याकाळचं दूध घेऊन डेअरीला निघाली होती. आमच्या चार म्हशी.

"काय गं ही घाण आणलीस?"

मी म्हटलं, "दोन गावचं सांडपाणी हाय. सांग, कुठलं साफ करायला जास्त करंट लागंल?" माझं डोकं तापलेलं होतं, उगाच विचारलं.

आईनं दोन्ही बाटल्या उचलल्या, उजेडाकडं धरल्या, हलवल्या. डावी, काळी बाटली खाली ठेवत म्हणाली, "ही आपल्या म्हशीची." मग उजवी माझ्या हातात देत म्हणाली, "आनि ही तुज्या काकूची. पाणी घातल्यालं. ह्येला फॅट लागायचा न्हाय." आणि कॅन उचलून गेली.

काकूचं आणि आईचं जुनं वाकडं आहे, ते सोडा. पण मी तिथंच बसले. माझं बालपण त्या डेअरीच्या रांगेत गेलंय. कॅन ओततात, लिटर मोजतात, मग चमचाभर दूध यंत्रात घालतात आणि फॅट बघतात. कुणी लिटर वाढवायला तांब्याभर पाणी घातलं की लिटर वाढतात, फॅट पडतो, आणि आख्ख्या रांगेला कळतं. आमच्या जिल्ह्यात दोन घरांच्या दुधाची नुसत्या लिटरवर तुलना केली, तर शेंबडं पोरगंही हसेल. आणि मी, त्या रांगेत वाढलेली, दोन केंद्रांची तुलना लिटरवर केली होती. केली, छापली, वाटली.

गठ्ठा परत काढला. प्रत्येक महिन्याच्या नोंदीमागं प्रयोगशाळेचं एकेक पान होतं: येणाऱ्या पाण्यात घाण किती, जाणाऱ्यात किती. ही पानं माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होती. मी ती वाचली नव्हती, कारण ती इंग्रजीत होती, आणि मला पाहिजे तो आकडा आधीच मिळाला होता. यातलं दुसरं कारण खरं.

नव्यानं भागाकार केला. आता युनिटं भागिले पाणी नाही. युनिटं भागिले काढलेली घाण, किलोत. सगळं उलटं झालं. किलोभर घाण काढायला खालचं केंद्र कमी वीज घेत होतं. वरच्या केंद्रात येणारी थोडकी घाण जवळपास जशीच्या तशी बाहेर जात होती. ते वीज वाचवत नव्हतं, काम टाळत होतं. शेगडीच पेटवली नाही तर गॅस कशाला लागतोय.

दुसऱ्या दिवशी परत खालच्या केंद्रात गेले. कागद मामांच्या पुढं ठेवला आणि म्हटलं, "मी चुकलो, मामा." आमच्याकडं बोलताना बायकाही आलो-गेलोच म्हणतात.

कागद बघून ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मी थोडंच वाटलं पत्रक." कागद परत देत म्हणाले, "आनि आजून एक राहिलंय. आमचं पाणी खड्ड्यात येतंय, ते मोटारीनं वर उचलाय लागतंय. वर तसं न्हाय, उतारानं येतंय. उचलायच्या आनि हवेच्या, दोनी मोटारी ह्याच मीटरवर हायती."

मग आम्ही ते वेगळं काढायचं ठरवलं. मामांनी गावातल्या वायरमनचा टाँग टेस्टर आणला. चिमट्यासारखा असतो, वायर न तोडता तिच्याभोवती धरायचा, की मोटार किती करंट घेते ते दिसतं. दोन दुपारी आम्ही एकेका मोटारीपाशी जाऊन मोजत होतो. ते चिमटा धरायचे, मी वहीत लिहायची. मी मधेच म्हणाले, "म्हणजे तुमच्यावर डबल अन्याय." ते म्हणाले, "रीडिंग लिवा, अक्का. मत नको."

उचलायच्या मोटारींची वीज वजा केल्यावर खालच्या केंद्राचा आकडा आणखी खाली आला.

आता पत्रक. मी मथळा लिहिला, 'आमचं चुकलं'. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि मला पत्रकाचा तो नियम सांगितला, जो तोवर सांगायची वेळ आली नव्हती.

"पत्रकात चूक कबूल करायची नसते. उद्या आपण काहीही म्हटलं तरी साहेब हेच पान दाखवतील. 'नवीन माहितीच्या आधारे' असं लिही."

"सर, माहिती नवीन नव्हती. माझ्या पिशवीत होती."

"ते लोकांना कुठं माहीत आहे?"

"मला माहीत आहे. आणि चालत्या माणसाला कळलं पाहिजे म्हणता ना? 'नवीन माहितीच्या आधारे' हे बसलेल्यालाही कळत नाही."

सर माझ्यावर कधी चिडत नाहीत. तेव्हाही चिडले नाहीत, नुसतं म्हणाले, "मग गटाचं नाव खाली घालू नकोस."

घातलं नाही. 'आमचं'चं 'माझं' केलं. 'माझं चुकलं. डेअरीत दूध नुसतं लिटरवर घालता का? फॅट लावताच ना? मग सांडपाण्यालाही लावा.' पुढच्या पानावर दोन्ही केंद्रांची तुलना, मागच्या पानावर सगळा भागाकार, पायरी पायरीनं. एका पानाचा नियमही मोडला. त्याच कोपऱ्यांवर जाऊन एकटीनं वाटलं. एका रिक्षावाल्यानं वाचून माझ्याकडं बघितलं.

"गेल्या बारीला उलटं लिवलं हुतंसा की."

"व्हय. तेच ह्यात लिहिलंय."

"मग ह्ये तरी खरं कशावरनं?"

"मागं हिशेब दिलाय. करून बघा."

मागं बसलेल्या बाई "चला वो" म्हणत असताना त्यानं मोबाइल काढून दोन भागाकार केले, मान हलवली, पत्रक काचेपाशी खोचलं आणि गेला. पहिल्या पत्रकाच्या वेळी असं कुणी केलं नव्हतं. मीच कुणाला करायला जागा ठेवली नव्हती.

साहेबांच्या आढावा बैठकीला मला आधीच बोलावणं होतं, बहुतेक पहिल्या पत्रकाचं कौतुक करायला. तोवर दुसरं पत्रक त्यांच्या टेबलावर पोचलेलं.

"ताई, तुम्ही कार्यालयाची दिशाभूल केलीत."

"केली. आता दुरुस्त करते. तुम्हीपण करा."

"आदेश असा फिरवता येत नाही. त्याला आधार लागतो."

"मागच्या आदेशाला आधार काय होता? माझं पत्रक. ते संदर्भाला चालतं तर हेही चालेल. संदर्भ क्रमांक दोन."

"सांडपाण्याला फॅट?" ते बाकीच्यांकडं बघून हसले. "आम्ही काय इथं डेअरी काढलीय?"

दोघं-तिघं हसले. मी पिशवीतल्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. आठवडाभरात काळी बाटली जास्तच काळी झाली होती आणि फुगली होती. मी म्हटलं, "झाकण उघडू का?"

"नको," साहेब म्हणाले.

कोपऱ्यात टिपणं घेणारा कारकून मान वर न करता बोलला, "साहेब, बाईंचं बरोबर हाय. लिटरवर कोण दूध घेतंय?" त्याच्या घरी म्हशी असणार.

खालच्या केंद्राचे दोन्ही ब्लोअर त्याच आठवड्यात चालू झाले. आदेशात माझं नाव नव्हतं, चूक हा शब्द नव्हता, 'तांत्रिक कारणास्तव' होतं. ते मी चालवून घेतलं. पण त्याच कागदात खाली अजून एक ओळ होती. ऑपरेटरची वरच्या केंद्रात बदली, 'वीजबचतीचा अनुभव घेण्यासाठी'. आणि दोन महिन्यांची टांगती तलवार तशीच, फक्त तिथं नेऊन टांगलेली: वरच्या केंद्राचा वापर वाढला, तर माणूस कमी.

मी फोनवर भडकले. मामा म्हणाले, "ओरडू नका, कान दुखतोय. बगतो मी."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताडपत्री काढली. ब्लोअरांचे फिल्टर धुतले, पट्टे बदलून घेतले, दोन्ही चालू केले. टाकी उकळायला लागली. महिनाअखेरीला युनिटं वाढली. वाढणारच होती. आणि त्यांना कारणे दाखवा नोटीस आली: वीजवापर का वाढला, याचा सात दिवसांत खुलासा करावा.

मी दोन पानं लिहून घेऊन गेले. अन्याय, षड्यंत्र, नदीचा श्वास, सगळं होतं त्यात. मामांनी पहिला परिच्छेद वाचला.

"लई बोलतंय ह्ये. नोटीस मला आलीया, अक्का. तुमाला न्हाय."

मग त्यांनी स्वतः, ड्यूटीच्या वहीतलं पान फाडून, एकेक शब्द जुळवत लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं म्हणून शब्द मला पाठ आहेत. 'विजेचा वापर वाढला कारण यंत्रे बंद होती ती मी चालू केली. येणारी व जाणारी घाण किती याचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. वापर कमी करणे असल्यास यंत्रे बंद ठेवावीत असा लेखी आदेश द्यावा, म्हणजे मी बंद ठेवीन.' खाली सही.

मी म्हटलं, "मामा, हे तर धमकी दिल्यासारखं वाटतंय."

"व्हय की," ते म्हणाले, आणि पान घडी करून खिशात घातलं.

घाण नदीत सोडा, असं सहीशिक्क्यानिशी लिहून देणारा साहेब अजून तरी निघालेला नाही. दोन महिन्यांची मुदत संपून गेली. खुलासा मान्य केल्याचं पत्र आलं नाही आणि अमान्य केल्याचंही नाही. मामा कामावर आहेत, दोन्ही ब्लोअर चालू आहेत. वरच्या केंद्राचा लिटरमागचा आकडा आता पूर्वीपेक्षा मोठा आहे, आणि तो तसाच मोठा राहावा, कुणी ब्लोअर पुन्हा गुपचूप बंद करू नयेत, म्हणून मी दर महिन्याला माहितीचा अर्ज टाकते.